काठावरची गर्दी कशामुळे? किनाबातांगान नदीवरची दिवेलागण समजून घेताना

होडीत बसून तासही झाला नव्हता, तोवर आईनं विचारलं, "अगं, एवढं रान पसरलंय, मग ही सगळी माकडं नदीलाच का येऊन बसलीत?"

आम्ही बोर्निओ बेटावर होतो. मलेशियाच्या साबा राज्यात, किनाबातांगान नदीवर. मलेशियानं १ डिसेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना तीस दिवसांपर्यंत व्हिसा माफ केला, आणि क्वालालंपूर-लंकावी पाहून झालेले माझ्या ओळखीतले काही जण तेव्हापासून इकडेही जाऊन आले. त्यांच्या फोनमधले फोटो मी पाहिले होते. मोठ्या नाकाची माकडं, पाण्यात उतरलेले हत्ती, रात्रीच्या काळोखात दोन लाल ठिपके. फोटो दाखवणाऱ्या प्रत्येकाचं म्हणणं एकच: "काय जंगल राखलंय त्या लोकांनी! ताडोब्यात तीन सफाऱ्या करून जे दिसत नाही, ते इथं एका संध्याकाळी दिसतं."

पहिल्या संध्याकाळी मलाही तसंच वाटलं. आईच्या प्रश्नाचं उत्तर शोधत गेले तेव्हा चित्र बदललं. ते उत्तर इथं पायरीपायरीनं मांडते आहे. त्यात थोडं प्राण्यांच्या पोटाबद्दल आहे, थोडं डोळ्यांबद्दल, आणि बरंचसं आपल्या कढईतल्या तेलाबद्दल.

नदी कुठली, माणसं कुठली

किनाबातांगान सुमारे ५६० किलोमीटर लांब आहे. साबातली ही सर्वांत लांब नदी, आणि मलेशियात सारावाकच्या राजांग नदीनंतर दुसरी. डोंगरातून निघून ती पूर्वेला सुलू समुद्राला मिळते. शेवटच्या टप्प्यात जमीन अगदी सपाट असल्यामुळे पावसाळ्यात पाणी दूरवर पसरतं, प्रवाह वळणं बदलतो आणि जुनी वळणं घोड्याच्या नालेसारखी तळी होऊन मागे राहतात. सुकाऊ, बिलित, बातू पुतेह ही या टप्प्यातली गावं. इथले मूळ रहिवासी स्वतःला 'ओरांग सुंगाई' म्हणवतात. मलय भाषेत ओरांग म्हणजे माणूस आणि सुंगाई म्हणजे नदी. ओरांगउटान हा शब्दही तसाच, रानातला माणूस. नावाड्यानं पुढे बोट दाखवून 'गाजाह' म्हटलं तेव्हा आईला भाषांतर लागलं नाही. गज समुद्र ओलांडून तिकडे कधीच पोचलेला आहे.

होड्या दुपारी चारच्या सुमारास निघतात. आठ-दहा माणसांची लांबट होडी, मागे इंजिन. विषुववृत्त जवळ असल्यामुळे तिथं बारा महिने सूर्य सहाच्या आसपासच मावळतो. म्हणजे हाताशी दोन तास उजेड, त्यानंतर अंधार.

नदीकाठ ही रानाची खिडकी आहे

आधी सोपा भाग. नदीकाठी प्राणी दिसण्याची काही कारणं अगदी नैसर्गिक आहेत.

उष्ण प्रदेशातल्या दाट पावसाळी रानात आत शिरलात तर फार काही दिसत नाही. झाडं तीस-चाळीस मीटर उंच, त्यांच्यावर वेली, खाली अंधूक प्रकाश. वीस पावलांवरचा हत्तीसुद्धा दिसायचा नाही. नदी मात्र या भिंतीत सरळ फट पाडते. काठावरच्या झाडांना कडेनंही ऊन मिळतं, म्हणून तिथं कोवळी पालवी भरपूर. तेवढ्याच भागातलं रान आपल्याला वरपासून खालपर्यंत उघडं दिसतं, वाड्याची एक भिंत काढून आतल्या खोल्या पाहाव्यात तसं.

त्यात संध्याकाळी इथं मुक्कामाला येणारा खास पाहुणा म्हणजे प्रोबोसिस मंकी. आपण त्याला नाकाड्या माकड म्हणू. बोर्निओ सोडून जगात दुसरीकडे कुठेही हे माकड रानात सापडत नाही. नराचं वजन वीस किलोच्या पुढे जातं, मादी त्याच्या निम्मी. नराचं नाक ओठांच्याही खाली लोंबतं. तांबूस केस आणि हे नाक पाहून स्थानिक लोकांनी त्याला 'मोन्येत बेलांदा', म्हणजे डच माकड, असं नाव दिलं. नाक एवढं का, यावर बरीच वर्षं तर्क चालले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की ज्या नराचं नाक मोठं त्याचं शरीरही मोठं आणि त्याच्या कळपात माद्याही जास्त.

मला नाकापेक्षा त्याचं पोट महत्त्वाचं वाटतं. गायीच्या पोटासारखे त्याच्या पोटात कप्पे असतात आणि तिथले जिवाणू पानं आंबवून पचवतात. गोड पिकलेलं फळ या पोटाला चालत नाही, ते भराभर आंबून पोट फुगतं. म्हणून हे माकड कोवळी पानं आणि कच्ची फळं खातं. याच नदीच्या मेनांगुल नावाच्या उपनदीवर काम करणाऱ्या जपानी संशोधकांनी २०११ मध्ये नोंदवलं, की ही माकडं कधीकधी खाल्लेलं पुन्हा तोंडात आणून चघळतात. रवंथ करणारं माकड! असं खाणं पचायला वेळ लागतो, आणि एका जागी शांत बसून राहायचं तर जागा सुरक्षित हवी.

दिवसभर हे कळप काठापासून काही शे मीटर आत जाऊन चरतात आणि दिवेलागणीला काठावर परततात. झोपायला पाण्यावर झुकलेलं उंच झाड निवडतात. कारण रात्री येणारा शत्रू, मुख्यतः ढगाळ बिबट्या, अशा झाडावर फक्त एकाच बाजूनं येऊ शकतो. दुसऱ्या बाजूला नदी असते. अर्थात नदीत मगरी आहेत. म्हणून पलीकडे जायचं झालं तर पात्र अरुंद असेल तिथून, शक्यतो फांदीवरून फांदीवर उडी घेऊन.

एक उडी आम्ही अगदी जवळून पाहिली. फांदीच्या टोकाला एक मादी बसली होती, पोटाला पिल्लू घट्ट चिकटलेलं. तिनं फांदी दोनदा खालीवर हलवून पाहिली, थांबली, पुन्हा हलवली. मग हातपाय पसरून पलीकडच्या पालवीत झेपावली. पानांचा मोठा आवाज झाला आणि ती दिसेनाशी झाली. दोन सेकंदांनी वरच्या फांदीवर पिल्लासकट दिसली तेव्हा आईनं रोखलेला श्वास सोडला.

अंधारात चमकणारे डोळे

सहा वाजून गेले, पाणी काळं झालं, आणि नावाड्यानं मोठी बॅटरी काढली. उजेडाचा झोत काठावरून सरकत गेला आणि एका जागी थांबला. पुढे बसलेले सगळे "मगर, मगर" म्हणू लागले. मागच्या बाकावरून आईला काहीच दिसेना. नावाड्यानं हसून तिला पुढे बोलावलं, बॅटरी तिच्या हातात दिली आणि खुणेनं सांगितलं की ती कानशिलाला लावून धर. तशी धरल्याबरोबर आईला चिखलाच्या कडेला दोन निखारे दिसले.

हे असं का होतं? आपल्या डोळ्यात मागच्या बाजूला प्रकाश टिपणारा एक पडदा असतो. येणारा सगळाच प्रकाश तिथं टिपला जात नाही, काही आरपार निघून जातो. माणसाच्या डोळ्यात त्यामागे गडद रंगाचा थर असतो आणि तो हा उरलेला प्रकाश शोषून घेतो. मगरीच्या, मांजराच्या, गायीच्या डोळ्यात त्या जागी आरशासारखा थर असतो. शास्त्रात त्याला टॅपेटम ल्युसिडम म्हणतात, आपण आरसपडदा म्हणू. पहिल्या फेरीत निसटलेला प्रकाश तो परत पाठवतो आणि पडद्याला दुसरी संधी मिळते. काळोखात जगणाऱ्याला याचा मोठा फायदा. तोटा एवढाच, की प्रतिमा किंचित पुसट होते.

दुसऱ्या फेरीतही जो टिपला गेला नाही तो प्रकाश बाहुलीतून बाहेर पडतो, आणि ज्या वाटेनं आला साधारण त्याच वाटेनं परत जातो. उसाच्या बैलगाडीमागे लाल रिफ्लेक्टर लावतात, त्याच्यासारखंच. तो पेटल्यासारखा दिसतो तो ज्याच्या गाडीचा दिवा त्यावर पडला त्यालाच, रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्याला नाही. म्हणून बॅटरी आणि आपला डोळा जवळजवळ असावे लागतात. जुन्या फोटोंत माणसांचे डोळे लाल यायचे, त्यातही हाच भाग होता. कॅमेऱ्याचा फ्लॅश भिंगाला अगदी लागून असायचा. आपल्याला आरसपडदा नाही, तरी डोळ्याच्या मागच्या रक्तानं भरलेल्या थरावरून थोडा प्रकाश परततो.

इथं एक गमतीची गोष्ट आहे. त्या रात्री झोतात मगरी चमकल्या, मांजराच्या कुळातला एक लहान प्राणी चमकला, पण माकडांच्या झाडावर एकही डोळा चमकला नाही. माकडं, वानर आणि आपण एकाच शाखेतले. दिवसा जगणाऱ्या आपल्या पूर्वजांमध्ये हा आरसा उरला नाही. याच शाखेतला टार्सियर नावाचा मुठीएवढा प्राणी या नदीच्या रानात राहतो. तो पुन्हा निशाचर झाला, पण आरसा काही परत मिळाला नाही. मग त्याचे डोळेच वाढत गेले, इतके की एकेक डोळा त्याच्या मेंदूएवढा भरतो. त्याच रानातल्या स्लो लोरिस नावाच्या दुसऱ्या निशाचर प्राण्याकडे मात्र आरसा आहे. त्याचे डोळे बॅटरीत लखलखतात.

डोळ्यांची ही चमक केवळ पर्यटकांच्या कामाची नाही. जगभर मगरींची मोजणी रात्री होडीतून असे लाल ठिपके मोजूनच करतात. ओरांगउटान रोज झोपण्यासाठी फांद्या वाकवून नवं घरटं करतो, म्हणून त्याच्या बाबतीत घरटी मोजतात. अशा मोजणीतून जे हाती आलं, त्यातच आईच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे.

पाणवठ्यावर गर्दी कधी होते?

आपल्याकडे वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेला वनखात्याचे लोक आणि निसर्गप्रेमी मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजतात. ही रात्रच का निवडतात? चांदणं असतं हे एक. दुसरं म्हणजे ओढे, नाले, डबकी आटलेली असतात आणि प्राण्यांना उरलेल्या मोजक्या पाण्यावर यावंच लागतं. त्या रात्री एका पाणवठ्यावर चाळीस चितळं दिसली म्हणून कुणी म्हणत नाही की रानात पाणी मुबलक आहे. उलट गर्दी जितकी जास्त, तितकी बाकीची जागा कोरडी.

किनाबातांगानच्या काठाचंही बरंचसं असंच आहे, फक्त इथं आटलंय ते रान. नाकाड्या माकडं पूर्वीही नदीकाठीच झोपत. पण हत्ती, ओरांगउटान, धनेश हे सगळे एकाच संध्याकाळी एका होडीतून दिसावेत इतके जवळ येतात, याचं मोठं कारण काठामागे रान उरलेलं नाही हे आहे. होडीतून पाहताना हिरवी भिंत अखंड वाटते. विमान सांदाकानला उतरायला लागलं की खिडकीतून खरं काय ते दिसतं: नदीच्या दोन्ही अंगांना रानाचा वेडावाकडा पट्टा, काही ठिकाणी अगदी चिंचोळा, आणि त्यामागे क्षितिजापर्यंत ओळीत लावलेले पाम.

उसाचा फड आणि पामचा मळा

सांदाकानहून सुकाऊला गाडीनं जाताना आई बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. तिचं माहेर जुन्नर तालुक्यातलं. शेवटी म्हणाली, "हे म्हणजे आपल्याकडचा ऊसच की गं. संपतच नाही."

तिनं सहज केलेली ही तुलना फार नेमकी आहे. ऊस तोडला की ताबडतोब गाळावा लागतो, नाहीतर उतारा घटतो. म्हणून कारखान्याभोवती सगळीकडे ऊस. पामच्या फळांच्या घडांचंही तेच. तोडल्यापासून साधारण दिवसभरात गिरणीत पोचले नाहीत तर तेलातली आम्लता वाढते आणि भाव पडतो. त्यामुळे पामची लागवड तुकड्यातुकड्यानं होत नाही. एक गिरणी, तिच्याभोवती हजारो एकर, मध्ये रस्त्यांचं जाळं.

हा पाम मुळात बोर्निओचा नाही, पश्चिम आफ्रिकेतला. मलेशियात त्याची व्यापारी लागवड १९१७ मध्ये सेलांगोर राज्यात सुरू झाली. साबामध्ये आधी लाकूडतोड झाली, मौल्यवान झाडं गेली, आणि मग त्या मोकळ्या जमिनीवर पाम आला, मुख्यतः १९८० च्या दशकापासून. त्याआधी फुलांचं परागीकरण माणसांना हातानं करावं लागे. १९८१ मध्ये कॅमेरूनमधून एक बारीकसा भुंगेरा आणून सोडला गेला, त्यानं ते काम फुकटात सुरू केलं, आणि लागवडीचा हिशेबच बदलला. नदीकाठची गाळाची सपाट जमीन पामला उत्तम. जिथं पूर साचतो तिथं मात्र रोपं मरतात. आज काठाला जो पट्टा उरलेला दिसतो, त्यातला बराचसा भाग या पुरामुळे वाचला आहे.

उरलेल्या रानाला २००५ मध्ये कायद्यानं अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्रफळ सुमारे २६,००० हेक्टर, म्हणजे बोरिवलीच्या संजय गांधी उद्यानाच्या अडीचपट. आकडा बरा वाटतो, पण ते सलग नाही. दहा तुकडे आहेत, दोरा तुटलेल्या माळेच्या मण्यांसारखे नदीच्या कडेनं पसरलेले. मधल्या जागेत मळे, रस्ते, गावं.

"पण पामही झाडच आहे ना?"

हा प्रश्न मला परतल्यावर दोघा-तिघांनी विचारला. हिरवळ ती हिरवळच, असा त्यामागचा भाव.

आईच्या माहेरचंच उदाहरण घेऊ. जुन्नरच्या उसात बिबटे राहतात, तिथं त्यांची पिल्लंही होतात. म्हणून उसाच्या फडाला आपण जंगल म्हणतो का? त्यात बिबट्याला आडोसा मिळतो, कुत्री-डुकरं मिळतात, म्हणून तो टिकतो. पण सांबर, शेकरू, धनेश तिथं राहू शकत नाहीत. पामच्या मळ्यातही उंदीर भरपूर, त्यांच्या मागे साप, घोरपडी, रानमांजरं येतात. एवढंच. मळ्यातले पाम एका वयाचे, एका उंचीचे. आडव्या फांद्या नाहीत, ढोली नाही, वेगवेगळ्या महिन्यांत पिकणारी फळं नाहीत. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अनेक अभ्यासांची सरासरी काढली होती: मूळ रानात सापडणाऱ्या प्रजातींपैकी जेमतेम १५ टक्के पामच्या मळ्यात आढळल्या.

"दिसतायत म्हणजे टिकलेत, मग काळजी कसली?"

हा आक्षेप जास्त विचार करण्यासारखा आहे, म्हणून इथं थोडं थांबते.

समजा एखाद्याचा पगार बंद झाला. त्याच दिवशी बँकेचं खातं रिकामं होत नाही. काही महिने शिल्लक दिसत राहते. पासबुक पाहणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक चाललंय. लांब आयुष्याच्या प्राण्यांचं असंच असतं. ओरांगउटानची मादी सात-आठ वर्षांतून एकदा पिल्लू देते आणि पन्नासच्या आसपास वर्षं जगते. आज दिसणारा मोठा नर रान सलग होतं त्या काळातला असू शकतो. त्याच्या असण्यावरून पुढच्या पिढीचं काही कळत नाही.

तुकडे झाल्याचा दुसरा परिणाम नात्यांवर होतो. ओरांगउटानला पोहता येत नाही. पूर्वी उपनद्यांवर दोन्ही काठांची मोठी झाडं वर एकमेकांत गुंतलेली असत, तोच त्याचा पूल. ती झाडं तोडली गेली आणि उपनदी ही भिंत झाली. अलीकडचे पलीकडे जाईनात, जोड्या जवळच्या नात्यातच लागायची वेळ आली. याच नदीकाठच्या ओरांगउटानांची विष्ठा आणि घरट्यातले केस गोळा करून त्यांच्या जनुकांचा अभ्यास झाला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांची संख्या मोठ्या प्रमाणात कोसळल्याची खूण त्यात सापडली, आणि ती पडझड अगदी अलीकडची, माणसानं रान तोडायला लागल्यानंतरची निघाली.

यावर सुकाऊत काम करणाऱ्या 'हुतान' या संस्थेनं, गावातल्याच माणसांना घेऊन, २००३ पासून एक साधा उपाय केला. अग्निशमन दलाच्या जुन्या पाइपांचे पट्टे विणून उपनद्यांवर, झाडांच्या उंचीवर, झुलते पूल बांधले. ओरांगउटाननं ते वापरल्याचा फोटो मिळायला कित्येक वर्षं लागली, पण मिळाला. होडी त्याखालून गेली तेव्हा मी मान वर करून पाहत राहिले. दोन मळकट पट्टे, पावसानं भिजलेले, आणि त्यावर त्या क्षणी कुणीच नव्हतं.

हत्तींची अडचण वेगळी. बोर्निओचा हत्ती आशियाई हत्तींमध्ये अंगानं लहान, शेपटी मात्र जमिनीला टेकेल इतकी लांब. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानं त्याला 'संकटग्रस्त' यादीत घातलं. रानात हे हत्ती सुमारे हजारच उरले असावेत, असा त्यांचा अंदाज. त्यातले बहुतेक साबात. त्यांचे कळप नदीच्या कडेनं एका तुकड्यातून दुसऱ्यात जातात. वाटेत मळ्यांची विजेची कुंपणं, गावातली घरं. कोवळ्या पामचा गाभा हत्तीला आवडतो आणि एका रात्रीत तो शेकडो रोपं उपटतो. लहान मळेवाल्याचं त्यात खरंच नुकसान होतं. कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या सीमेवरच्या ज्या शेतकऱ्यांनी हत्तींनी तुडवलेल्या बागा पाहिल्या आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग पामतेल सोडूनच द्यावं का?

पामतेल आपल्या घरात नाही, असं म्हणणाऱ्यानं बिस्किटाच्या किंवा फरसाणाच्या पाकिटामागची बारीक अक्षरं वाचावीत. रेशनवरचं पामोलिन आमच्या पिढीला आठवतं. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारनं शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला, त्यात रवा, चणाडाळ, साखर यांच्या जोडीला एक लिटर पामतेल होतं. जगात सर्वांत जास्त पामतेल आयात करणारा देश भारत आहे, आणि ते मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून येतं.

सोडून देणं सोपं वाटतं, पण हिशेब पाहा. पाम एकरी साधारण सव्वा ते दीड टन तेल देतो. लातूरचा किंवा विदर्भाचा शेतकरी ज्या सोयाबीनवर उभा आहे, त्याचं तेल एकरी दोनशे किलोच्या आसपासही कसंबसं निघतं. म्हणजे तेवढंच तेल दुसऱ्या पिकातून काढायचं तर सहा-सातपट जमीन लागेल. ती कुठून आणायची? बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी रानातून. शिवाय गरिबाच्या घरात सणाला तळण होतं ते या स्वस्त तेलामुळे, हेही विसरून चालणार नाही. म्हणून सरसकट बहिष्कारावर माझा विश्वास नाही.

पाम कुठे लावला जातो आणि कुठे लावायचं थांबतं, हा खरा प्रश्न आहे. साबाच्या १९९८ च्या जलकायद्यानुसार तीन मीटरपेक्षा रुंद नदीच्या काठापासून वीस मीटर जागा मोकळी राखावी लागते. एवढा नियम जरी सगळीकडे नीट पाळला गेला, तुटलेल्या जागी पुन्हा रान लावलं गेलं, तरी दहा मणी पुन्हा दोऱ्यात ओवता येतील. नवं रान न तोडता काढलेल्या तेलाला प्रमाणपत्र देणारी आरएसपीओ ही व्यवस्था २००४ पासून आहे. तिच्यात पळवाटा आहेत, टीकाही होते. पण ग्राहकानं विचारलंच नाही तर कंपनीनं त्यासाठी पैसे का मोजावेत? युरोपातल्या ग्राहकांनी विचारलं. आपण, जगातले सर्वांत मोठे आयातदार, अजून फारसं विचारत नाही.

आणि आता तर प्रश्न घरापर्यंत आला आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं पामलागवडीचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं, त्यात ईशान्येकडच्या राज्यांवर आणि अंदमानवर भर आहे. तिथलं रानही पावसाळी, तिथंही धनेश आणि हत्ती. किनाबातांगानच्या काठी काय झालं ते आपण आधी पाहून घेऊ शकतो. साबाला ही सोय नव्हती.

होड्यांचा त्रास होत नाही का?

होतो. एका वळणावर हत्ती दिसले आणि पाहता पाहता सात होड्या जमल्या. इंजिनांचा धूर, माणसांचे आवाज. पिल्लाला मध्ये घेऊन कळप गवतात मागे सरकला. आमच्या नावाड्यानं इंजिन बंद केलं, वल्ह्यानं होडी पलीकडच्या काठाला नेली आणि तिथून पाहा म्हणाला. सगळे असं करत नाहीत.

रात्रीच्या फेरीत तर जास्तच जपायला हवं. अंधाराला सरावलेल्या डोळ्यात आपण जो झोत मारतो, त्यातून सावरायला त्या प्राण्याला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ तो शिकारही करू शकत नाही, शत्रूही ओळखू शकत नाही. पाण्यावरच्या बारीक फांदीच्या टोकाला खंड्या पिसं फुगवून झोपलेला असतो. साप आला तर फांदी हलून कळावं म्हणून तो इतक्या टोकाला बसतो. त्याला फोटोसाठी उठवलं तर अंधारात तो कुठे उडेल? आमचा नावाडी झोत एका जागी चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त ठेवत नव्हता आणि जवळ गेल्यावर बॅटरीपुढे लाल काच सरकवत होता. होडी ठरवताना हे दोन प्रश्न विचारा: लाल काच आहे का, आणि हत्तींपासून किती अंतर ठेवता? उत्तरावरून माणूस कळतो.

तरी या होड्या बंद व्हाव्यात असं मला वाटत नाही. बातू पुतेह गावात लोकांची सहकारी संस्था आहे. ते पाहुण्यांना घरात उतरवतात, होड्या चालवतात, आणि पुरानं बोडक्या झालेल्या जागी रानची रोपं लावतात. उभ्या रानातून चार पैसे मिळतात म्हटल्यावर ते उभं राहावं असं वाटणारी माणसंही गावात राहतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे

सहाच्या आधी आम्ही पुन्हा निघालो. नदीवर धुकं होतं. काल रात्रीच्या झाडावर माकडं अजून तशीच बसली होती, पाठी वाकवून, एकमेकांना चिकटून. ऊन शेंड्यावर आलं तशी हालचाल सुरू झाली. आधी नर उठला, मग एकेक मादी. काल उडी मारणारी कोणती, ते आता ओळखता येईना. कळप फांद्यांवरून आतल्या बाजूला, रानात, चरायला निघाला.

"आता किती आत जातील गं?" आईनं विचारलं.

मी तो प्रश्न नावाड्याला इंग्रजीत विचारला. त्यानं काठामागच्या झाडांकडे पाहिलं आणि हातानं दाखवलं: इथून तिथपर्यंत. मग तोच हात आडवा धरून थांबवला आणि म्हणाला, तिथं पाम सुरू होतो.